चौकशीला आलेला माणूस

नोकरी लागल्याचा मेल आला, तेव्हा अश्विनीनं तो आधी स्पॅममध्ये टाकला.

तिची काही चूक नव्हती. खाजाभाईंच्या ई-सेवा केंद्रात सहा वर्षं बसलेल्या माणसानं दुसरं काय करायचं? 'अभिनंदन' या शब्दानं सुरू होणारं एकही खरं पत्र तिनं या सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. अभिनंदनाच्या मागून कुठलं तरी बक्षीस येतं आणि बक्षिसाच्या मागून ओटीपी, हे तिला पाठ झालं होतं. काष्टीच्या शनिवारच्या बाजाराला आलेली माणसं शेरडं विकून झाली की मोबाईल घेऊन केंद्रात येत आणि म्हणत, "पोरी, बघ गं, काय तरी लागलंय म्हनं." ती मोबाईलकडं न बघताच सांगायची, "काही लागलेलं नाही. तो नंबर ब्लॉक करा."

संशय घेणं हा तिचा धंदाच होता. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव वेगळं का? फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे ना? हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या साळूबाईंचा अंगठा मशीननं चार वेळा नाकारला, तेव्हा समोर जिवंत बसलेल्या त्या म्हातारीला अश्विनीनं "उद्या या" म्हणून परत पाठवलं होतं. "आन् उद्यापातूर मेले तर?" असं साळूबाईंनी विचारल्यावर सगळं केंद्र हसलं. अश्विनी हसली नव्हती. तिच्या दृष्टीनं प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

स्पॅममधला तो मेल खाजाभाईंनी बाहेर काढायला लावला.

"पैसे मागितलेत का?"

"नाही."

"ओटीपी?"

"नाही."

"मग चोर कसला गं हा? चोराला इतका धीर नसतो बेटा. मेल पुन्हा वाच."

तिनं वाचला. मग कंपनीच्या साइटचा पत्ता कधी नोंदवला होता ते पाहिलं. नऊ वर्षं जुना निघाला. मेलमधल्या नंबरवर फोन न करता तिनं कंपन्यांच्या सरकारी नोंदणीतून दुसरा नंबर शोधला आणि त्यावर फोन लावला. व्हिडिओवर मुलाखत घेणाऱ्या समर्थ सरांनाच फोनवर बोलवा म्हणाली. ते आले, तेव्हा तिनं नमस्कारही न करता विचारलं, "मुलाखतीच्या वेळी माझ्या मागं भिंतीवर काय होतं?"

पलीकडं हसू. "कॅलेंडर होतं, कुठल्या तरी पतसंस्थेचं. आणि मधेच एक कोंबडी आत आली होती."

कोंबडीचं ऐकल्यावर तिचा विश्वास बसला. पुण्याच्या बाणेरमधल्या एका कंपनीत अश्विनी मच्छिंद्र दरेकर हिला वेब डेव्हलपर म्हणून घेतलं होतं. तीन महिने घरून काम, मग आठवड्यातून दोन दिवस ऑफिस. रुजू होण्याआधी फक्त पडताळणी बाकी होती.

या नोकरीपर्यंत ती ज्या वाटेनं आली होती, ती वाट कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. श्रीगोंद्याला इतिहास घेऊन बी.ए., मग खाजाभाईंकडं झेरॉक्स, मग फॉर्म. खाजाभाईंचा पुतण्या आकिब पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता, नोकरीच्या हमीचा. हमी देणाऱ्यांनी सहाव्या महिन्यात शटर ओढलं आणि आकिब आता शिर्डीला एका हॉटेलच्या काउंटरवर बसत होता. त्यामुळं 'कोर्स' हा शब्द ऐकला तरी अश्विनीच्या कपाळावर आठी पडायची. ती शिकली ती चिडून. रोज साठ माणसांना तेच ते सांगायचं: पासबुकाची झेरॉक्स, आठ-अ, दोन फोटो. एका दुपारी तिनं फुकटचे व्हिडिओ बघून एक साधं पान बनवलं. योजनेचं नाव दाबायचं, कागदांची यादी दिसायची. त्याचा क्यूआर कोड दारावर चिकटवला. पहिल्याच आठवड्यात अर्धी रांग कमी झाली. मग त्या पानात शोधायची सोय हवी म्हणून जावास्क्रिप्ट. मग टोकनचा नंबर लोकांना झाडाखाली बसून मोबाईलवर दिसावा म्हणून सर्व्हर, डेटाबेस. एकेक गरज आली आणि एकेक विषय शिकवून गेली. यात तीन वर्षं गेली.

कंपनीनं परीक्षेसाठी एका दवाखान्याचा नोंदणी फॉर्म बनवायला दिला होता. इतर उमेदवारांनी सुंदर रंगांचे फॉर्म पाठवले. अश्विनीच्या फॉर्ममध्ये आडनावाची सक्ती नव्हती. जन्मतारखेखाली 'नक्की माहीत नाही, अंदाजे वर्ष' असा पर्याय होता. मोबाईल नंबरच्या पुढं 'हा फोन कोणाचा? स्वतःचा, मुलाचा, शेजाऱ्याचा' असं विचारलं होतं. आणि भरता भरता नेट गेलं, तर भरलेलं सगळं तसंच राहत होतं. समर्थ सरांनी विचारलं, "हे कुणी सुचवलं?" ती म्हणाली, "कुणी कशाला सुचवायला पाहिजे? माणसं रोज समोर उभी असतात."

नोकरीचं तिनं घरात सांगितलं नाही. रुजू झाल्याशिवाय काही खरं नसतं, आणि आईच्या कानावर घातलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या मळ्याला कळतं. कुणाची नजर लागते यावर तिचा विश्वास नव्हता. कुणाच्या तोंडावर मात्र त्याहून कमी होता. वडिलांना, आप्पांनाही सांगितलं नाही. सगळं एकट्या खाजाभाईंना माहीत होतं, आणि त्यांना तिनं शपथ घातली होती.

तिथंच तिची चूक झाली.

त्या मंगळवारी ती केंद्रातून घरी आली, तर शेजारच्या केशरबाई ओट्यावर तिची वाटच पाहत बसल्या होत्या. केशरबाई दरेकरांच्या भावकीतल्याच, आप्पांच्या चुलतभावाची विधवा. अश्विनी त्यांना काकी म्हणायची. सत्तरीला आल्या होत्या, पण मळ्यावरच्या कुठल्याही मुलीचं लग्न त्यांच्या शब्दाशिवाय ठरत नव्हतं.

"आलीस का? हात-पाय धू आन् देवाम्होरं साखर ठिव."

"काय झालं काकी?"

"स्थळ आलं हुतं! चौकशीला मानूस आल्ता दुपारी. तुज्या आईबापाचा पत्त्या न्हाई, श्रीगोंद्याला गेल्याली. मीच बसिवला, च्या केला."

"कोण माणूस?"

"सायबी हुता. पाठीला ब्याग. अश्विनी मच्छिंद्र दरेकर हितंच राहत्यात का, किती वर्सं झाली, वागनूक कशी, काय करत्यात, सगळं इचारलं. आन् आपलं तोंडी न्हाई, लिहून घेतलं. घराचा फोटोबी काढला."

"घराचा फोटो? कशाला? तुम्ही त्याचं ओळखपत्र बघितलं का? गाडीचा नंबर?"

"पाव्हन्याच्या गाडीचा नंबर कोन घेतं गं? येडी का खुळी तू?"

तो रात्री घर फोडायला आलेला टेहळ्या असेल, असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, फायनान्सचा माणूस चुकून आला असेल. खरं काय ते तिच्या लक्षातच आलं नाही, कारण कंपनीची पडताळणी म्हणजे कागद साइटवर चढवायचे आणि संगणकानं ते तपासायचे, असं तिनं गृहीत धरलं होतं. आयुष्यभर सगळ्यावर संशय घेणाऱ्या पोरीनं नेमकी तीच एक गोष्ट न तपासता मान्य केली होती.

दोन दिवस आप्पा धुतलेला सदरा घालून गोठ्यात जात होते. स्थळाकडून निरोप कधी येईल सांगता येत नाही म्हणून.

निरोप शुक्रवारी आला, अश्विनीच्या मेलवर. 'निवासस्थानाच्या प्रत्यक्ष पडताळणीत गंभीर विसंगती आढळल्यामुळे आपली नियुक्ती तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.'

ती केंद्राच्या मागच्या खोलीत गेली आणि समर्थ सरांना फोन लावला. ते त्रासलेले वाटले.

"अश्विनी, मी स्पष्ट वाचून दाखवतो. 'शेजारी महिलेच्या सांगण्यानुसार उमेदवारास संगणकाचे ज्ञान नाही. केंद्रातील संगणकाचे सर्व काम इतर व्यक्ती करतात. उमेदवार केवळ कागद लावण्याचे काम करते. लग्नानंतर काम सोडण्याचा विचार आहे.' आता मी काय समजू?"

तिनं खोलीचं दार ओढून घेतलं.

"याआधी दोनदा आम्ही फसलोय," ते पुढं म्हणाले. "मुलाखत एकानं दिली, कामाला बसला दुसराच. त्यातून तुमची डिग्री इतिहासाची. एचआर मला पहिल्या दिवसापासून विचारतंय, ही मुलगी खरी आहे का. मी तुमची बाजू घेतली होती."

"सर, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," एवढंच ती म्हणाली आणि गाडी काढून तडक मळ्यावर आली.

केशरबाई शेंगा फोडत होत्या.

"काकी, त्या माणसाला मला कॉम्प्युटर येत नाही म्हणून सांगितलंत?"

"मग? येतो म्हनून सांगू?" केशरबाई शांतपणे म्हणाल्या. "गेल्या दिवाळीला राशीनचं स्थळ कशानं मोडलं, इसरलीस का? पोरगी दिसभर कॉम्प्युटरम्होरं बसती, एवढं कुनीतरी बोललं आन् ती लोकं परत फिरकली न्हाईत. तवाच मी ठरिवलं. औंदा चौकशीला कुनी आलं तर आपन सांगायचं. कॉम्प्युटर-बिम्प्युटर काय न्हाई, ते दुसरीच बघत्यात. निस्ती कागदं लावती, लगीन झालं का तेबी सोडनार हाय. भाकरी मातूर अशी करती, म्हनलं, का ताटात चांद उतरावा."

"मला भाकरी नीट येत नाही काकी."

"ते त्याला कुटं ठावं हाय?"

अश्विनी ओट्यावर बसली. रडू येत होतं आणि हसूही. "तो स्थळाचा माणूस नव्हता. पुण्याच्या कंपनीचा होता. मला नोकरी लागली होती. कॉम्प्युटरची."

केशरबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण त्या लगेच वितळणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी डोळे बारीक केले. "नोकरीवाली लोकं वागनूक कशाला इचारत्यात? घर सोताचं हाय का, हे कशाला पायजे त्यांना? मला तर वाटतं, स्थळच हाय ते. नोकरीचं सांगून पोरगी बघत्यात. तू भोळी हायेस."

भोळी! आजवर तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आई-आप्पांनाही सगळं कळलं. आप्पांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि एवढंच म्हणाले, "आमाला सांगितलं असतंस, तर आमीच नीट उत्तरं दिली असती की."

तिनं फोनवर घडलेलं सगळं सांगितल्यावर समर्थ सरांनी दोन गोष्टी मागितल्या. सोमवारी सकाळी कॅमेऱ्यासमोर परीक्षा, आणि त्या शेजारीणबाईंचा दुरुस्त जबाब लेखी, सहीनिशी.

परीक्षेला तिनं स्वतःच केंद्राची मागची खोली कॅमेऱ्यातून चारी बाजूंनी फिरवून दाखवली. टेबलाखालीसुद्धा. सरांनी मागितलं नव्हतं, पण त्यांच्या जागी ती असती तर तिनं हेच मागितलं असतं. त्यांनी सांगितलं, कुणी मोबाईल नंबर मराठी आकड्यांत लिहिला, तरी फॉर्मनं तो घ्यायला हवा. तिनं केलं. "ही ओळ का लिहिलीत? ती काढली तर काय होईल?" तिनं सांगितलं. "काढून दाखवा." तिनं काढली, फॉर्म बिघडला. "आता दुसऱ्या रीतीनं दुरुस्त करा." तिनं केलं. पाऊण तास चाललं होतं हे. सरांचा आवाज हळूहळू सैल होत गेला, तसा तिचा राग वाढत गेला. साळूबाईंना त्या दिवशी कसं वाटलं असेल, ते आत्ता तिला कळत होतं.

"माझ्याकडून संपलं," सर शेवटी म्हणाले. "मला शंका नाही. पण तो रिपोर्ट फायलीत आहे. त्याच्यावर कागदच लागेल."

आणि कागदाशीच घोडं अडलं.

"तोंडानं शंबर येळा सांगीन," केशरबाई म्हणाल्या. "गावात दवंडी देते. पन कागदावर सही करनार न्हाई. माज्या बापानं एकदा न वाचता अंगठा दिला, आन् हिरीचं पानी गेलं दुसऱ्याच्या वावरात. तवापासनं मी शपथ घेतलीया."

'वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका' ही पाटी केंद्रात तिनंच लावली होती.

"मी वाचून दाखवते काकी. पटलं तरच करा."

तिनं वाचलं. "मी, केशरबाई दरेकर, लिहून देते की, अश्विनीबद्दल मी दिलेली माहिती खोटी होती..."

"थांब! खोटी कोन म्हनलं?"

"मग काय होती?"

"मी खोटं न्हाई बोलले. चौकशीला जसं सांगायचं असतं तसं सांगितलं. सगळीच सांगत्यात. पोराकडची काय खरं सांगत्यात? तीन एकर असलं का धा म्हनत्यात. पोरगं निर्व्यसनी हाय म्हनत्यात आन् वरातीत कळतं. खोटी म्हनून लिहिलंस, तर हितनं पुढं माज्या शब्दावर एक तरी स्थळ ठरंल का?"

अश्विनीला त्यांचा मुद्दा पटला. एकीची नोकरी पणाला लागली होती, दुसरीची आयुष्यभराची पत. तिनं कागद फाडला. दुसरा लिहिला. त्यातही केशरबाईंनी दोन शब्द बदलायला लावले. तिसरा कागद असा झाला:

'लग्नाची चौकशी आहे असं समजून, अशा वेळी मुलीबद्दल जसं सांगायची रीत आहे तसं मी सांगितलं. आलेल्या माणसानं नोकरीची चौकशी आहे असं सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं, तर मीही सांगितलं असतं की ही मुलगी सहा वर्षं कॉम्प्युटरवर काम करते आणि मी तिला रोज बघते.'

"आता झालं? करा सही."

केशरबाईंनी पेन घेतलं. मग खाली ठेवलं. "तूच लिव्हलंस, तूच वाचलंस, आन् फायदाबी तुजाच. दुसऱ्याकडनं वाचून घीन मी."

अश्विनीला आधी चटका बसला. मग वाटलं, बाई बरोबर बोलतेय. केंद्रात आलेल्या कुठल्याही माणसाला तिनं हेच सांगितलं असतं. तिनं केशरबाईंना गाडीवर मागं बसवलं आणि काष्टीला आणलं.

खाजाभाईंनी चष्मा पुसून कागद मोठ्यांदा वाचला. केशरबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. 'रोज बघते' म्हटल्यावर त्यांनी हात वर केला.

"हे खोडा."

"का हो काकी?" अश्विनीनं विचारलं.

"मी कुटं बघते तिला कॉम्प्युटरवर? ती हितं, मी मळ्यात. लग्नाचं असतं तर चालून गेलं असतं. पन कागदावर न्हाई."

खाजाभाई अश्विनीकडं बघून म्हणाले, "बेटा, हिला नोकरी द्यायला पाहिजे होती त्यांनी." मग ते शब्द खोडून त्यांनी शेजारी आपली सही केली. केशरबाईंनी खाली वळणदार, सावकाश, एकेक अक्षर स्वतंत्र अशी सही केली. अश्विनीनं कागद स्कॅन करून पाठवला.

तासाभरात एचआरचं उत्तर आलं: सही करणाऱ्या महिलेचं ओळखपत्र जोडावं.

"घ्या! आता माजीबी चौकशी," केशरबाई म्हणाल्या, पण कनवटीची पिशवी सोडून त्यांनी आधार कार्ड दिलं. अश्विनीनं त्यावरचे पहिले आठ आकडे झाकले, मगच पाठवलं. काम कुणाचंही असो, ही सवय ती सोडणार नव्हती.

बुधवारी स्थगिती उठली. एक तारखेला रुजू व्हायचं ठरलं. या वेळी पत्र आल्यावर तिनं आधी आप्पांना वाचून दाखवलं, मग आईला. संध्याकाळपर्यंत सगळ्या मळ्याला कळलं. कुणी म्हणालं, असं घरी बसून कोण पगार देतं होय? कुणी म्हणालं, दोन महिन्यांनी कळेलच. तिनं कुणाला काही पटवायचा प्रयत्न केला नाही. तिला स्वतःलाही पहिला महिना संपेपर्यंत थोडं तसंच वाटणार होतं.

एक तारखेला सकाळी दहाला पहिली मीटिंग होती. पावणेदहाला तिनं पडवीत टेबल लावलं, लॅपटॉप उघडला. तेवढ्यात केशरबाई आल्या. काखेत घोंगडी होती आणि हातात निवडायला डाळीचं सूप. भिंतीपाशी, कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी त्यांनी घोंगडी टाकली.

"काकी, माझं काम सुरू होतंय आता."

"तुजं चालू दे की. मी बोलनार न्हाई." त्यांनी सूप मांडीवर घेतलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि नजर सरळ लॅपटॉपच्या पडद्यावर लावली. "मी निस्ती बघनार हाय. पुन्यांदा कुनी इचारायला आलं, तर डोळ्यांनी बघून सांगता आलं पायजे."